सोळा रेघांचा नाग

‘नागपूर’ हे नाव जपानी भाषेत लिहायचे झाले, तर दोन वाटा आहेत. पहिली सोपी. परकीय नावांसाठी जपान्यांकडे काताकाना नावाची स्वतंत्र उच्चारलिपी आहे. तीत चारपाच चिन्हे मांडली की ‘नागुपुरु’ असा उच्चार साधतो आणि पत्र बिनचूक पोहोचते. दुसरी वाट अर्थाची. उच्चार बाजूला ठेवून ‘नागांचे नगर’ हा आशय चिनी अक्षरांत उतरवायचा ठरवला, तर पहिल्या जागी एकच अक्षर येते. चिनी लोक त्याला ‘लुङ’ म्हणतात, जपानी लोक ‘ऱ्यू’. आणि हे अक्षर जपानी-इंग्रजी कोशात पाहावे, तर अर्थाच्या रकान्यात शब्द दिसतो ‘ड्रॅगन’.

नाग नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला हे वाचून प्रथम हसू येते. मग तो थोडा गोंधळतो. आपल्या शेजारणी श्रावणात ज्याची पूजा करतात तो नाग, चिनी शेतकरी ज्याच्याकडे पावसाची आशा धरतो तो लुङ, आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात स्वर्गातून खाली टाकला जातो तो शत्रू, हे तिघेही या एकाच अक्षराच्या पोटात एकत्र नांदत आहेत. माझ्यासारख्या धर्मगुरूला हा केवळ कोशातला खेळ राहत नाही. गेल्या काही वर्षांत दोन वेळा हे अक्षर माझ्यापुढे प्रश्न होऊन उभे राहिले. ते प्रश्न वाचकांपुढे ठेवण्याआधी अक्षराची कुळकथा सांगायला हवी. सेमिनरीत ग्रीक भाषेची तोंडओळख झाली तेव्हापासून शब्दांची कुळे शोधण्याचा नाद मला जडला आहे. तो जपानी अक्षरांपर्यंत जाऊन पोहोचेल, असे मात्र त्या वेळी कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

चीनमधील औषधांच्या दुकानांत पूर्वी ‘लुङची हाडे’ या नावाने जुनी हाडे विकली जात. ती कुटून औषधात घालीत. १८९९ मध्ये पेकिंगचे विद्वान वांग यीरोंग यांच्या ध्यानात आले की अशा काही हाडांवरच्या खुणा म्हणजे प्राचीन लेखन आहे. पुढे या हाडांचा माग आनयांगजवळ, शांग राजवंशाच्या शेवटच्या राजधानीपर्यंत लागला. ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमारास तेथील राजे बैलांच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर आपले प्रश्न कोरवून घेत. पाऊस पडेल काय, पीक हाती लागेल काय, राणीची प्रसूती सुखरूप होईल काय, असे ते प्रश्न. हाडाला आच देत आणि पडलेल्या तड्यांवरून उत्तर वाचीत. या हाडांवर आपले अक्षर आहे. ज्यांना लोक लुङची हाडे म्हणत आले, त्यांच्यावरच लुङचे अतिप्राचीन अक्षररूप निघाले. मोठे डोके, त्यावर मुकुटासारखे शिंग, उघडा जबडा आणि खाली वळसे घेत गेलेले लांब शरीर. ते पाहून कोणी साप म्हणतो, कोणी सुसर. जो साप म्हणेल त्याच्याशी निदान नागपूरकराने तरी वाद घालू नये.

हाडावरून कांस्यपात्रावर, कांस्यपात्रावरून बांबूच्या पट्टीवर आणि तेथून कुंचल्याच्या टोकाशी येता येता चित्राचे कोपरे बदलले. आज अक्षराच्या डाव्या अंगाला वर ‘उभे राहणे’ या अर्थाचे आणि खाली ‘चंद्र’ किंवा ‘मांस’ या अर्थाचे चिन्ह दिसते. मुळात तेथे नागाचे शिंगधारी डोके आणि जबडा होता. उजव्या अंगाला वळसे घेतलेले शरीर आणि त्यावर बरगड्यांसारख्या तीन आडव्या रेघा. सगळे मिळून सोळा रेघा. इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शन या कोशकाराने नऊ हजारांहून अधिक अक्षरांचा जो प्रसिद्ध कोश रचला, त्यात त्याने या अक्षराची फोड मांस, उड्डाण आणि एक उच्चारदर्शक भाग अशी केली. त्याने जमिनीखालची ती हाडे पाहिलेली नव्हती, म्हणून चित्राची फोड त्याला साधली नाही. पण प्राण्याचे वर्णन त्याने असे केले आहे की ते विसरता येत नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे लुङ हा खवल्यांच्या सर्व जीवांचा प्रमुख. तो अंधारात लपतो आणि उजेडात प्रकटतो, हवा तेवढा लहान होतो आणि हवा तेवढा मोठा. वसंतसंपाताला तो आकाशात चढतो आणि शरदसंपाताला खोल डोहात उतरतो. म्हणजे लुङ हा पाण्याचा वार्षिक फेराच आहे. जमिनीतून ढगात आणि ढगातून जमिनीत.

ही अक्षरे कोरियामार्गे जपानात गेली आणि इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांपासून तेथे रुजत गेली. जपानी भाषा चिनी भाषेहून अगदी वेगळ्या कुळातली, त्यामुळे एकेका अक्षराला दोन-दोन वाचने मिळाली. आपल्याला हे समजणे कठीण नाही. ५ हा अंक सुटा दिसला तर आपण ‘पाच’ म्हणतो, तिथी सांगताना मात्र ‘पंचमी’ म्हणतो. चिन्ह एक, आशय एक, पण एक उच्चार घरचा आणि दुसरा संस्कृताकडून आलेला. तसेच या अक्षराचे ‘ऱ्यू’ हे वाचन चीनकडून आलेले आणि ‘तात्सु’ हे जपानच्या घरचे. १९८१ साली जपानी सरकारने नित्य वापराच्या १९४५ अक्षरांची यादी जाहीर केली. तीत या अक्षराचे दहा रेघांचे सुटसुटीत रूप घेतले आहे. पण माणसांच्या आणि मंदिरांच्या नावांत सोळा रेघांचे जुने रूप अजून आवर्जून लिहितात. ‘राशोमोन’ या कथेचा कर्ता अकुतागावा ऱ्यूनोसुके याच्या नावात हेच अक्षर आहे. १८९२ साली तो ड्रॅगनच्या वर्षी आणि ड्रॅगनच्या दिवशी जन्मला, म्हणून हे नाव, असे सांगतात.

अक्षर दुसऱ्या अक्षरांशी सोयरीक करते तेव्हा त्याचा स्वभाव अधिक कळतो. डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब जोडले की जपानीत ‘धबधबा’ होतो. ‘तात्सु’ला ‘गुंडाळणे’ जोडले की वावटळ, आणि ‘भयंकर’ या अक्षरामागे हे दहा रेघांचे रूप बसवले की डायनोसोर. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याला ज्यांचे अवशेष सापडतात ते प्राणी जपानी शाळकरी मुलाच्या लेखी ‘भयंकर नाग’ आहेत. क्योतोच्या काही झेन मंदिरांत धर्मसभागृहाच्या छतावर प्रचंड ऱ्यू रंगवलेला असतो. लाकडी मंदिराला आगीचे भय फार, म्हणून पाण्याचा धनी डोक्यावर हवा. ज्या मंदिरातील पंधरा दगडांची बाग पाहायला जगभरचे लोक जातात, त्या ऱ्योआन-जीच्या नावातही तोच आहे. तेथे अर्थ होतो निवांत झालेला नाग.

आता प्रश्न असा की आपला नाग या अक्षरात शिरला कसा? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर होऊ लागले. त्या ग्रंथांत ठिकठिकाणी नाग येतात. ते पाण्याखाली महालात राहतात, त्यांना राजे असतात, ते पाऊस पाडतात आणि रत्नांचे रक्षण करतात. भगवान बुद्ध ध्यानस्थ असताना वादळी पाऊस आला, तेव्हा मुचलिंद नागाने त्यांच्या शरीराभोवती वेटोळे घालून मस्तकावर फणा धरला, ही कथा तर सर्वांच्या परिचयाची. चिनी भाषेत सापाला वेगळे अक्षर होते. पण गवतातून सरपटणारा साप एवढे ओझे कसा पेलणार? भाषांतरकारांनी पाण्याचा, पावसाचा आणि राजवैभवाचा धनी शोधला आणि त्यांना लुङ सापडला. निवड शहाणपणाची होती, परंतु तिची किंमत द्यावी लागली. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर राणीसह बसलेला नागराज पाहावा. त्याच्या मस्तकामागे फणे आहेत आणि मुद्रा शांत आहे. तोच नागराज चीन-जपानच्या चित्रांत गेला आणि त्याला शिंगे फुटली, मिशा आल्या, पंजे आले. फणा मात्र वाटेत कोठेतरी गळून पडला.

या वाटेवरचा सर्वांत मोठा प्रवासी म्हणजे आचार्य नागार्जुन. इसवी सन ४०१ मध्ये छांगआनला पोहोचलेल्या कुमारजीवाच्या नावावर नागार्जुनाचे एक चिनी चरित्र आहे. त्यात नावाची फोड दिली आहे. आईने त्याला अर्जुनवृक्षाखाली जन्म दिला आणि नागाने त्याला ज्ञानाची पूर्णता दिली, म्हणून तो नागार्जुन. नागराजाने त्याला समुद्रातील आपल्या महालात नेऊन गहन ग्रंथांच्या पेट्या उघडून दाखवल्या, असे ते चरित्र सांगते. चिनी भाषेत त्याचे नाव दोन अक्षरांत लिहितात, लुङ आणि वृक्ष. आपल्या विदर्भातील नद्यांच्या काठी उभा असलेला पांढऱ्या सालीचा अर्जुन आणि वारुळातला नाग हे दोघे हातात हात घालून जपानपर्यंत गेले, आणि तेथे ‘ऱ्यूजु’ झाले.

ते परत आले विसाव्या शतकात. १९३५ साली जपानच्या ओकायामा प्रांतात जन्मलेले भिक्खू शुरेई ससाई हे १९६७ च्या सुमारास राजगीर येथे होते. त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की एका रात्री त्यांना नागार्जुनाचे दर्शन झाले आणि दक्षिणेकडील नागमहालाकडे जाण्याची आज्ञा झाली. ‘नागमहाल’ या शब्दातले पहिले अक्षर आपलेच, ‘ऱ्यू’. जपानी लोककथेत समुद्राखालच्या या महालाला ‘ऱ्यूगू’ म्हणतात, आणि कासवाच्या पाठीवर बसून तेथे गेलेल्या कोळ्याची गोष्ट जपानातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ससाईजींनी विचार केला की ‘ऱ्यू’ म्हणजे नाग आणि महाल म्हणजे पूर, तेव्हा हे गाव नागपूरच असले पाहिजे. ते येथे आले, इंदोऱ्याच्या विहारात राहिले, भारतीय नागरिक झाले, आणि लोक त्यांना आर्य नागार्जुन या नावाने ओळखू लागले. कोशातील एका अर्थावर विसंबून माणसाने उभे आयुष्य एका शहराला द्यावे, अशी दुसरी उदाहरणे माझ्या माहितीत फारशी नाहीत.

पण नागपुरात हे नाव त्यांची वाट पाहत आधीच उभे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात, यासाठी नागपूरच का निवडले, याचे उत्तर त्यांनी दिले. बुद्धाचा धम्म ज्यांनी भारतभर पसरवला ते नाग लोक. त्यांची वस्ती या भागात होती, म्हणून हे नागपूर. त्यांनी जवळच्या नागार्जुन टेकडीचा आणि नाग नदीचाही उल्लेख केला. तेव्हापासून या शहरातील फार मोठ्या समाजासाठी ‘नाग’ हा शब्द वारुळातल्या प्राण्यापुरता राहिला नाही. तो पूर्वजांचा शब्द झाला, हिरावलेल्या आणि पुन्हा मिळवलेल्या मानाचा शब्द झाला. पुढे १९९९ मध्ये जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने कामठीला भव्य बौद्ध विहार उभा राहिला, आणि त्याचे नाव पडले ‘ड्रॅगन पॅलेस’. जपानी कानाला हे इंग्रजी नाव ‘ऱ्यूगू’च ऐकू येईल. नाग, लुङ, ऱ्यू, ड्रॅगन अशी नावे पालटत, दीड हजार वर्षांहून अधिक काळ भटकत, आपला नाग कन्हान नदीच्या काठी परतला. घरच्यांना मात्र तो परदेशी पाहुणा वाटतो.

आता माझे प्रश्न.

पहिला प्रश्न मला एका शिक्षिकेने विचारला. मी ज्या धर्मग्रामात होतो तेथील शाळेत त्या मराठी शिकवीत. घराणे १९५६ च्या दीक्षेतले. शाळेच्या आवारात पवित्र मरियेचा पुतळा आहे. अनेक चर्चमध्ये असतो तसाच, पायाखाली सर्प असलेला. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या शांतपणे म्हणाल्या, “फादर, रागावू नका, पण तुमच्या मातेच्या पायाखाली आमचा नाग का?” मी त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातील बागेची कथा सांगितली. तो मोह घालणारा सर्प आहे, कोणत्याही लोकांचा पूर्वज नव्हे, हे सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “हे तुम्ही सांगितलं म्हणून मला कळलं. पुतळा पाहून कसं कळणार?” त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यानंतर त्या शाळेत असेपर्यंत दर वर्षी मरियेच्या सणाला मी मुलांना पायाखालच्या सर्पाची कथा सांगत आलो, आणि तिच्या जोडीला मुचलिंदाचीही. एका घरात मोह घालणारा तो दुसऱ्या घरात छत्र धरणारा असू शकतो, हे दहा वर्षांच्या मुलांना समजावून सांगायला मला पाच मिनिटे पुरली. मोठ्यांना वेळ लागतो.

दुसरा प्रश्न रामदासपेठेत आला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, आणि नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. रामदासपेठेतील तळमजल्यांवर झोपलेली माणसे पाण्यात जागी झाली. शहरात काही जीवही गेले. आमच्या परिचयाचे एक कुटुंब कॅनॉल रोडलगत राहते. त्यांच्या आजींना पहाटे खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर न्यावे लागले. लग्नातले फोटो, प्रार्थनेची पुस्तके आणि धान्य, सगळे चिखलात गेले. पुढच्या जानेवारीत जपानला नोकरी करणारा त्यांचा नातू सुट्टीवर आला. ते वर्ष, २०२४, ड्रॅगनचे. त्याने कुंचल्याने लिहिलेली एक लांब पट्टी भेट म्हणून आणली. तिच्यावर काळ्याभोर शाईत एकच अक्षर होते. नव्याने रंगवलेल्या भिंतीवर त्याने ती लावली आणि कौतुकाने सांगितले, “आजी, हा ड्रॅगन. पाण्याचा राजा.”

आजींनी त्या रात्री जेवण घेतले नाही. दोन दिवसांनी मला निरोप आला. मी गेलो तेव्हा नातू रुसून आतल्या खोलीत बसला होता आणि पट्टीवर चादर टाकलेली होती. “फादर,” आजी म्हणाल्या, “चार महिन्यांपूर्वी पाण्यानं आमचं घर खाल्लं, आणि यानं त्या पाण्याच्या राजालाच भिंतीवर बसवलं. वर तो सैतान. योहानानं लिहून ठेवलंय ना?”

आजींचे वाचन पक्के होते. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातील त्या शत्रूला मूळ ग्रीकमध्ये ‘द्राकोन’ म्हटले आहे, आणि जपानी बायबलात तेथे हेच ‘ऱ्यू’ अक्षर आहे. १९१९ च्या चिनी बायबलातही ‘लुङ’च आहे. म्हणजे ज्या देशांत सणाच्या मिरवणुकीत लुङ नाचतो, तेथील ख्रिस्ती माणूस तोच लुङ सैतानाच्या जागी वाचतो. आपल्या मराठी बायबलात त्या ठिकाणी ‘अजगर’ आहे. ‘नाग’ हा शब्द तेथे आला नाही, ही महाराष्ट्रात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने मला मोठी सुदैवाची गोष्ट वाटते. नागपंचमीला आपली शेजारीण नांगर, विळी आणि तवा बाजूला ठेवते, विदर्भातील हजारो माणसे पचमढीच्या डोंगरात नागद्वारची खडतर यात्रा करतात, आणि त्यांच्या शेजारी आपण आपले शास्त्र वाचतो.

पण मी आजींना याहून दोन गोष्टी अधिक सांगितल्या. पहिली, की ग्रीक ‘द्राकोन’ म्हणजे मुळात मोठा सापच, तीक्ष्ण नजरेचा. पंडित त्या शब्दाचे मूळ ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूत शोधतात, आणि तो धातू संस्कृत ‘दृश्’चा सख्खा भाऊ आहे. म्हणजे ‘ड्रॅगन’ आणि आपण ज्याला ‘दर्शन’ म्हणतो ते शब्द एकाच आजोबांची नातवंडे. दुसरी गोष्ट मी त्यांच्याच पुस्तकातून दाखवली. पुरात भिजून फुगलेले, पाने चिकटलेले, तरी त्यांनी टाकून न दिलेले ते बायबल होते. १४८ व्या स्तोत्रात आकाशातील सर्वांना परमेश्वराच्या स्तुतीसाठी बोलावून झाल्यावर स्तोत्रकर्ता पृथ्वीकडे वळतो, आणि पृथ्वीवरून पहिले निमंत्रण देतो ते खोल पाण्यातील महाकाय जीवांना. जुन्या लॅटिन बायबलात त्या जागी ‘द्राकोनेस’ असा शब्द आहे. अग्नी, गारा, हिम आणि वादळ ही सगळी त्यांच्या मागे. रानात मोशेने उंच केलेला पितळी सर्पही मी काढला, आणि प्रभू येशूने निकदेमाशी बोलताना त्या सर्पाची तुलना स्वतःशी केली, हेही.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “स्तुती करणाऱ्यांच्या रांगेत उभा असेल, तर राहू द्या. पण क्रुसाच्या भिंतीवर नको.” नातवाने पट्टी उचलून बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावली. मला दोघांचेही पटले. आजींनी आपल्या श्रद्धेची जागा सोडली नाही आणि नातवाला त्याच्या भेटीसकट घराबाहेर काढले नाही. प्रकटीकरणातील शत्रू खोटा आहे किंवा सगळी चिन्हे शेवटी एकच, असे मी त्यांना सांगितले नाही, कारण तसे मी मानत नाही. दुष्टाई खरी आहे आणि योहानाने तिला दिलेला चेहराही भेदक आहे. मात्र शेजाऱ्याच्या भिंतीवर तोच चेहरा दिसला की तेथेही तीच दुष्टाई वसते, असे समजणे म्हणजे कोशाला धर्मशास्त्र समजणे होय.

आपल्या पूर्वसूरींनाही हा पेच चुकला नव्हता. १५४८ साली आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ गोव्याच्या संत पॉल महाविद्यालयात शिकत होता. त्याचा तेथे बाप्तिस्मा झाला आणि तो पावलो झाला. संत फ्रान्सिस झेवियर यांनी त्याला विचारले, की तुमचे लोक आमच्यासारखे का लिहीत नाहीत? त्याने उलट विचारले, की तुम्हीच आमच्यासारखे का लिहीत नाही? माणसाचे डोके वर आणि पाय खाली असतात, तेव्हा लेखनही वरून खालीच यायला हवे. झेवियर यांनी हा संवाद आपल्या पत्रात नोंदवून ठेवला आहे. पुढे १५४९ मध्ये ते दोघे कागोशिमाला उतरले. देवासाठी जपानी शब्द कोणता, या प्रश्नावर आंजिरोने ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला. काही काळाने झेवियर यांना उमगले, की तो जपानी बौद्धांच्या महासूर्य बुद्धाचा शब्द आहे. मग त्यांनी लॅटिन ‘देउस’ स्वीकारला. तो कोणाच्याही घरचा नव्हता, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात त्याने कोणतेच दार उघडले नसणार. १६१६ मध्ये गोव्यातच फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द बेधडक वापरला. घरचा शब्द घ्यावा, तर त्याच्याबरोबर घरची सगळी माणसे येतात. परका घ्यावा, तर तो एकटाच दारात उभा राहतो. भाषांतर करणाऱ्याची या दोहोंतून सुटका नाही. वाचणाऱ्याने मात्र एवढे करावे, की शब्द ज्या घरात भेटला त्या घरच्या माणसालाच त्याचा अर्थ विचारावा.

रामदासपेठेत चौकशी केली तर याची सुरुवात फार दूर करायला नको, असे ध्यानात येते. ज्या प्रवाहाने या शहराला नाव दिले, ज्याचा उच्चार बाबासाहेबांनी अभिमानाने केला, ज्याच्या नावाचा अर्थ लावत एक जपानी भिक्खू येथवर आला, त्याला कॅनॉल रोडवरचा कोणीही माणूस सहज ‘नाला’ म्हणतो. पत्ता सांगतानाही “नाल्याच्या पुलापाशी” असेच सांगतो. चीनच्या भाषांतरकारांनी आपल्या नागाला शिंगे आणि पंजे दिले, पण त्याला पाण्याचा राजा म्हणून राहू दिले. आपण त्याचे शिंग, फणा आणि पाणी सगळे काढून घेतले आणि गटाराचे नाव दिले. सप्टेंबरच्या त्या पहाटे तो नाला नव्हता, हे तळमजल्यावरच्या प्रत्येकाला कळले. पाणी ओसरले आणि पुन्हा जुनेच नाव तोंडी बसले. आजींच्या घरी मात्र मी परवा ऐकले. त्या रिक्षावाल्याला फोनवर पत्ता सांगत होत्या, “नाग नदीच्या पुलावरून डावीकडे.” रिक्षावाल्याने पुन्हा विचारले. त्यांनीही पुन्हा, सावकाश, नदीच म्हटले.